पेटीतून निघालेला मिलिंद सोमण आणि आपली नव्वदी

मधली_सुट्टी | शनिवार, रात्री ११:४०

गेल्या आठवड्यात मिरजेला गेले होते. माळा आवरताना एक व्हीएचएस कॅसेट सापडली. लेबलवर दादाच्या अक्षरात 'गाणी. पुसू नये.' आणि खाली दुसऱ्या पेनानं 'पुसू नये म्हणजे पुसू नये.' ही दुसरी ओळ माझ्यासाठी होती. मी एकदा त्यावर काहीतरी रेकॉर्ड केलं होतं आणि मार खाल्ला होता, काय ते मात्र विसरले. आता व्हीसीआर कुणाकडेच नाही, म्हणून पुण्यात एक जण जुन्या कॅसेटी डिजिटल करून देतो त्याच्याकडे टाकलीय. बुरशी लागलीय, बघतो म्हणाला.

ती हातात येईपर्यंत यूट्यूबवर त्या वेळची गाणी बघत बसले, त्यातून हा धागा निघाला.

'मेड इन इंडिया' आठवतंय ना? १९९५. अलिशा चिनॉय राजकन्या होऊन सिंहासनावर. देशोदेशीचे इच्छुक येतात, बाईसाहेब एकेकाला नापास करतात. मग एक लाकडी पेटी येते आणि तिच्यातून आपला शिवाजी पार्कचा मिलिंद सोमण बाहेर पडतो. मी तेव्हा सातवीत. हे गाणं आमच्याकडे सगळ्यांनी मिलिंदसाठीच बघितलं, आईनंसुद्धा, आई काहीही म्हणो.

परवा मात्र माझी नजर पेटीवर गेली. अहो, तो माल आहे! निर्यातीचा माल जसा पेटीत भरून येतो तसा नवरा आलाय. १९९१ ला देशाची दारं उघडली, बाहेरच्या वस्तू दुकानात दिसायला लागल्या. ९४ ला सुश्मिता आणि ऐश्वर्या दोघी मुकुट घेऊन आल्या. आणि ९५ ला गाणं म्हणतंय की सगळं जग बघून झालं, आता देशी द्या. पण देशी कसा, तर परदेशी मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल असा. संगीतकार बिड्डू, जन्म बंगळूरचा, पण कारकीर्द बहुतेक लंडनला. म्हणजे स्वदेशीचा हा नाराही जाऊनयेऊन आलेला.

त्याच वर्षी जुलैत भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला, ऑगस्टात विदेश संचार निगमनं इंटरनेट सुरू केलं. आमच्या गल्लीत तेव्हा मोजून दोन फोन होते. शेजारच्या काकूंकडे 'पीपी' म्हणून आमचा नंबर, म्हणजे फोन त्यांचा, हाक आम्हाला.

तर माझं म्हणणं असं की हे व्हिडिओ त्या वेळी लोक कसे जगत होते ते दाखवत नाहीत. लोकांना काय हवंहवंसं वाटत होतं, ते दाखवतात. तुम्हाला काय वाटतं? लिंका नकोत, आठवणी लिहा.

---

कोकणकडा | शनिवार, रात्री ११:५२

पहिला!

बाकी मिलिंद सोमण समोर उभा असताना 'माझी नजर पेटीवर गेली' हे वाक्य न्यायालयात टिकणार नाही.

---

मधली_सुट्टी | रविवार, ००:०५

परवा गेली म्हणाले. ९५ साली नव्हती गेली.

---

जुनाट_रेडिओ | रविवार, सकाळी ७:१५

धागा आवडला. पण तुम्ही मंडळी चॅनेल व्ही या केबलवरच्या गाण्यांच्या वाहिनीपासून सुरुवात करता, त्याआधी जणू अंधारच होता. आमच्या पिढीचा पहिला 'व्हिडिओ' म्हणजे 'मिले सूर मेरा तुम्हारा'. १५ ऑगस्ट १९८८, लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण संपलं आणि हे लागलं. आम्ही चाळीत एका टीव्हीसमोर चौदा जण.

त्यात कोण कोण आहे ते आठवून बघा. भीमसेनजी धबधब्यापाशी. बालमुरलीकृष्ण. मृणाल सेन. मारिओ मिरांडा, म्हणजे एक व्यंगचित्रकार! प्रकाश पदुकोण. लेगस्पिनर हिरवाणी. कोलकात्याच्या मेट्रोतून बाहेर येणारी मंडळी. देशात मेट्रो तेव्हा तेवढी एकच, १९८४ ची, म्हणून ती दाखवायचीच. मराठी ओळ आली की तनुजा रेल्वेच्या खिडकीत. चालीमागे आपले अशोक पत्की, वाद्यमेळ लुई बँक्स यांचा, आणि सगळं भैरवीत. अमिताभ, जितेंद्र, मिथुन हे शेवटी येतात, तेसुद्धा गर्दीतले होऊन.

आता २०१० च्या २६ जानेवारीला त्याचीच नवी आवृत्ती आली ती बघा. दिग्दर्शक तेच, कैलाश सुरेंद्रनाथ. लांबी सोळा मिनिटांवर गेली आणि पडदा सिनेमावाल्यांनी भरून गेला. खेळाडू कुठे आहेत, असं लोकांनी तेव्हाही विचारलं होतं. गाणं एक, माणूस एक, मध्ये बावीस वर्षं. सरकारी वाहिनीच्या काळात देश म्हणजे वेगवेगळ्या कामातली माणसं. नंतरच्या काळात देश म्हणजे ओळखीचे चेहरे. तुमच्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

अवांतर: तनुजाची ती ओळ आमच्या हिला अजून गाडीत बसली की आठवते. गाडी सुटेपर्यंत गात असते.

---

पायलवाली | रविवार, सकाळी ९:३०

जुनाट_रेडिओ काका, +१००. मृणाल सेन त्यात आहेत हे मला आज कळलं. लहानपणी मला ते कुणाचे तरी आजोबा वाटायचे.

---

बीटाकॅम | रविवार, दुपारी १:१०

हा धागा म्हणजे माझ्या घरचं कार्य आहे. ९७ ते २००२ अंधेरीत एका एडिटिंग स्टुडिओत होतो, आधी टेप उचलणारा पोरगा, मग असिस्टंट. त्यामुळे जरा वेगळ्या खिडकीतून सांगतो.

काळ व्हिडिओच्या आशयात दिसतो तेवढाच यंत्रात दिसतो. टेपवर एडिटिंग करायचो तेव्हा मधला एक शॉट दोन सेकंदांनी छोटा करायचा म्हटलं की पुढचं सगळं नव्यानं बसवायला लागायचं. त्यामुळे दिग्दर्शकानं 'जरा घट्ट कर रे' म्हटलं की आमचा एडिटर आधी चहा मागवायचा. मग कॉम्प्युटरवर एडिटिंग आलं. शॉट उचल, सरकव, काप, मागचंपुढचं आपोआप जुळतं. नव्वदीच्या शेवटी शेवटी गाणी अचानक फटाफट कापलेली दिसतात त्यात 'एमटीव्हीचा प्रभाव' होताच, पण कापणं फुकट झालं होतं हेही खरं. तीच गोष्ट इफेक्टची. नवं मशीन आलं की त्यातलं प्रत्येक बटण एकदा तरी दाबायचंच. पान उलटतं, चौकोन फिरतो, माणसामागे त्याच्याच सावल्या ओढत येतात. ते बघून गाण्याचं वर्ष मी एखाद्या वर्षाच्या फरकानं सांगू शकतो.

दलेर मेहंदींचं 'तुनक तुनक तुन' घ्या, १९९८. आधी त्यांच्या व्हिडिओंवर टीका व्हायची की चालतात ते त्यातल्या सुंदर पोरींमुळे. तर या बाबानं व्हिडिओत दुसरं कुणी ठेवलंच नाही. चार दलेर, चार रंगांचे झगे, पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा या चार महाभूतांसारखे, आणि मागे क्रोमा लावून घातलेले डोंगर-आकाश. आज ती पार्श्वभूमी शाळेच्या गॅदरिंगसारखी वाटते. पण तेव्हा आम्ही स्टुडिओत ते फ्रेम फ्रेम थांबवून बघितलं होतं, चौघे एकमेकांना कापत कसे नाहीत म्हणून. पुढे गंमत अशी की इंटरनेटवर परदेशातल्या पोरांनी ते उचललं आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेममधलं एक पात्र चक्क दलेरचा नाच करायला लागलं.

आणि हो, टेपा. गाणं तयार झालं की प्रत्येक चॅनेलला बीटा टेप हातानं नेऊन द्यायची, लोकलनं. सीनियरनं सांगितलं होतं की टेप मांडीवरच धर, डब्याखालच्या मोटारीच्या चुंबकानं पुसते. मी वर्षभर टेप तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून चर्चगेटपर्यंत उभा जायचो. नंतर कळलं की हे तो प्रत्येक नव्या पोराला सांगायचा.

---

कोकणकडा | रविवार, दुपारी १:२२

'टेप तान्ह्या बाळासारखी'

वाचनखूण साठवली.

---

रानभाजी | रविवार, संध्याकाळी ६:४५

चर्चा छान चाललीय, पण मिठाचा खडा टाकतो.

शीर्षकात 'आपली नव्वदी' म्हटलंय. ही आपली म्हणजे कुणाची? आमच्या तालुक्याला केबल आली तीच मुळी ९८-९९ ला, आणि गावात त्याच्याही नंतर. अलिशा, लकी अली ही नावं मी कॉलेजात होस्टेलवर ऐकली. आमची नव्वदी कॅसेटची. आनंद शिंदेंचा 'जवा नवीन पोपट हा' कुठल्या चॅनेलवर नव्हता. तो जीपमध्ये होता, जत्रेत होता, लग्नाच्या मांडवात, पानाच्या टपरीवर होता. वेसावकर मंडळींची 'वेसावची पारू' घ्या. या गाण्यांना व्हिडिओची गरजच नव्हती. लोक स्वतः नाचायचे, तोच व्हिडिओ.

आमच्याकडे व्हिडिओ आला तो व्हीसीडीवर, दोन हजारच्या आसपास. स्वस्त प्लेअर आले, बाजाराच्या दिवशी तळवटावर तबकड्यांचे ढीग. कोळीगीतं, भीमगीतं, लोकगीतं, भारुडं. एका तबकडीत सव्वा तास, चित्र असं की चेहरा लांब गेला की नुसते चौकोन. दिग्दर्शकाला बजेट नव्हतं, त्यामुळे शूटिंग कुठे, तर गायकाच्या मेव्हण्याच्या बंगल्यात, तालुक्याच्या बागेत नाहीतर धरणावर. आणि म्हणूनच त्यात खरा काळ आहे. नवा बंगला, फिकट गुलाबी रंग, गच्चीवर पाण्याची काळी टाकी, दारात मारुती. मागे उभी राहून तोंडावर पदर घेऊन हसणारी, शूटिंग बघायला आलेली बाई. ती कॅमेऱ्यातून काढायचं कुणाला सुचलं नाही. मुंबईच्या व्हिडिओत अशी एक बाई दाखवा.

लोकांना हवंहवंसं काय होतं, हा मुद्दा ठीक आहे. पण कुठल्या लोकांना, तेही लिहा.

---

मधली_सुट्टी | रविवार, रात्री ९:२०

रानभाजी, हे लागलं, आणि बरोबर लागलं. 'आपली' लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमची गल्ली होती, त्यापलीकडे मी गेलेच नव्हते. शीर्षक आता बदलता येत नाही, तसंच राहू द्या.

पण एक सांगा. गायकाच्या मेव्हण्याचा बंगला शूटिंगला का घेतात? बजेट नाही म्हणून, मान्य. पण गल्लीत दुसरी घरंही असणारच ना? पत्र्याचं घर नाही घेतलं, बंगला घेतला. दारात बैलगाडी नाही, मारुती. म्हणजे राजकन्येचं सिंहासन आणि मेव्हण्याची गच्ची, हेतू एकच झाला की.

---

रानभाजी | रविवार, रात्री ९:५५

हेतू एक असेल. पण तुमच्या राजकन्येला सिंहासनामागची भिंत लपवता आली. आमच्या मेव्हण्याला मागची पदरवाली बाई लपवता आली नाही. मला ती बाई बघायची असते.

---

बीटाकॅम | रविवार, रात्री १०:०२

सहमत. आमच्याकडे अशी बाई फ्रेममध्ये आली की शॉट कापायचा, हा पहिला धडा होता.

---

पायलवाली | सोमवार, दुपारी १२:३०

ऑफिसातून लिहितेय, त्यामुळे पटापट.

नाव बघून कळलंच असेल, मी फाल्गुनी पाठक गटाची. 'याद पिया की आने लगी' १९९८, 'मैंने पायल है छनकाई' १९९९. कॉलेजमधला बाहुल्यांचा खेळ, एक लाजरी मुलगी, एक चॉकलेटी मुलगा, दोन मैत्रिणी, गैरसमज, गोड शेवट. चार मिनिटांत अख्खा सिनेमा. आज वाटतं, किती सुरक्षित जग होतं ते! मुलगा-मुलगी हात धरेपर्यंत गाणं संपतं. आई कपड्यांच्या घड्या घालत सोबत बघायची आणि चॅनेल बदलायला सांगायची नाही.

पण त्यात फाल्गुनी स्वतः बघा. घागऱ्यातल्या नायिकेशेजारी ती शर्ट-पँटीत, आखूड केसांत. ना कुणाची प्रेयसी, ना बहीण. गोष्ट सांगणारी. माझ्या आजीनं एकदा विचारलं, 'हा मुलगा की मुलगी?' आई म्हणाली, 'ती फाल्गुनी आहे.' आजी 'बरं' म्हणाली आणि परत वाती वळायला लागली. विषय संपला. आज कुणी तशी आली तर खाली प्रतिसादांत काय काय वाचायला लागेल, कल्पना करा.

शुभा मुद्गलांचं 'मन के मंजीरे' (२०००) कुणी काढलंच नाही अजून! प्रसून जोशींचे शब्द, शंतनू मोइत्रांचं संगीत, आणि काढलं होतं ब्रेकथ्रू या स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं. मीता वशिष्ठ ट्रक चालवते. नवऱ्याचा मार सोडून बाहेर पडलेल्या आणि गाडी चालवून पोट भरणाऱ्या अहमदाबादच्या एका खऱ्या बाईवरून ते सुचलं होतं. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला २००५ ला. गाणं पाच वर्षं आधी, आणि तेही दलेर आणि अदनानच्या मधोमध लागायचं. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. फक्त ट्रकचं मोठं चाक आणि बाईच्या हातातलं स्टिअरिंग लक्षात राहिलं.

---

नाम्या_न्यूजर्सी | सोमवार, संध्याकाळी ७:४०

इथे सकाळ, कॉफी घेत वाचतोय.

९८ ला वायटूकेच्या (२००० साल लागताना कॉम्प्युटर अडतील या भीतीनं निघालेल्या कामांच्या) लाटेत इकडे आलो. बॅगेत लोणच्याची बरणी आणि लकी अलीची कॅसेट. 'ओ सनम' १९९६ चं, महेश मथाईंनी इजिप्तमध्ये जाऊन केलेलं. बाकीचे परदेश म्हटलं की स्वित्झर्लंडला पळत होते, हा माणूस वाळवंटात, पिरॅमिडपाशी. न्यूजर्सीच्या भाड्याच्या खोलीत, खाली गादी टाकून, पाच जण मिळून एक टीव्ही. ते वाळवंट मला माझं वाटायचं, का ते विचारू नका.

एक निरीक्षण. त्या काळातल्या इंडीपॉपमध्ये, म्हणजे सिनेमाबाहेरच्या पॉप गाण्यांत, कुणीही नोकरीला जात नाही. सगळे फिरतायत. कुणी वाळवंटात, कुणी डोंगरात, कुणी पाण्याखाली (सिल्क रूटचं 'डूबा डूबा'), कुणी बनारसच्या घाटावर (युफोरियाचं 'धूम पिचक धूम'). आणि हे बघणारे आम्ही सगळे एकतर नोकरी शोधत होतो नाहीतर व्हिसाची तारीख. २००० मध्ये अदनान सामीनं 'लिफ्ट करा दे' म्हणत ते एकदाचं उघड मागून टाकलं, देवाला सांगून बंगला, मोटार, डॉलर. गोविंदाला घेऊन. मला तो त्या दशकातला सगळ्यात प्रामाणिक व्हिडिओ वाटतो.

आणि अजून एक. जुनूनचं 'सय्योनी' तेव्हा आपल्या चॅनेलांवर रात्रंदिवस चालायचं. पाकिस्तानी बँड, आणि घरात कुणाच्या कपाळावर आठी नाही. मग ९९ चा उन्हाळा, कारगिल. ते गाणं आज ऐकलं की सुरांच्या आधी तारीख आठवते.

---

तारीख_पे_तारीख | सोमवार, रात्री ११:१५

वकील आहे, त्यामुळे मुद्दा रुक्ष, पण कामाचा.

२००२ नंतर हे सगळं एकदम थांबलं आणि रिमिक्स आले. 'काँटा लगा' सगळ्यांना आठवतंच. १९७२ च्या 'समाधी'तलं लताबाईंचं गाणं, पंचमदांची चाल. त्याला नवे ठोके, नवा आवाज आणि क्लबमध्ये शेफाली जरीवाला, कमरेखालची जीन्स. २०२५ च्या जूनमध्ये ती गेली तेव्हा सगळ्या बातम्यांत नावाआधी 'काँटा लगा गर्ल' होतं. एका गाण्यानं आयुष्यभर सोबत केली.

लोक म्हणतात पिढी बिघडली, संस्कार गेले. मी म्हणतो कायदा बघा. स्वामित्वहक्क कायदा १९५७, कलम ५२(१)(ञ). मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं उलटली की ठरलेली नोटीस आणि रॉयल्टी देऊन त्याच गाण्याचं नवं ध्वनिमुद्रण करता यायचं. नवा कवी नको, नवा संगीतकार नको, चाल लोकांच्या तोंडात आधीच बसलेली. पैसा घालायचा फक्त व्हिडिओवर. कुठल्याही व्यापाऱ्यानं तेच केलं असतं. २०१२ च्या दुरुस्तीत तो काळ पाच वर्षांचा झाला आणि अटी कडक झाल्या, पण तोवर नवं गाणं करून बघायची सवय मोडली होती.

पायलवाली, तुमच्या फाल्गुनीच्या 'पायल'वाल्या गाण्याचं २०२२ मध्ये नवं रूप आलं तेव्हा तिनं उघड नाराजी व्यक्त केली होती. पण खटला करता येईना, हक्क तिच्याकडे नव्हतेच. चेहरा गायिकेचा, मालकी कंपनीची. नव्वदीच्या गोड गोड व्हिडिओंमागे असे करार होते, तेही त्या काळाचंच चित्र समजा.

---

पायलवाली | मंगळवार, सकाळी १०:००

हे माहीतच नव्हतं. सकाळ खराब केलीत, पण धन्यवाद.

---

अठरावं_वरीस | मंगळवार, दुपारी ४:१०

सगळे काका-काकू, नमस्कार. मी २००५ ची. तुमच्या आठवणी वाचताना मजा आली, पण तुमची गाडी २००२ लाच का थांबते? आमच्या गाण्यांत काळ नाही का?

१. 'गुलाबी साडी'. २०२४, संजू राठोड. त्यातली मुलगी सरळ म्हणते की मी भारी दिसतेय, माझा फोटो काढ. अहो, तुमची राजकन्या सिंहासनावर बसून मुलं बघत होती. आमची मुलगी स्वतःलाच बघतेय, आणि मुलाचं काम फोन नीट धरणं. हे २०२४ नाही तर काय?

२. बीटाकॅम काका, यंत्राचा मुद्दा आमच्याकडेही लागतो. टिकटॉक २०२० च्या जून अखेरीस बंद झालं, पुढच्याच महिन्यात रील्स आल्या. फोन उभा. उभ्या चौकटीत माणसं तीन मावतात, ग्रुप डान्स मावत नाही. म्हणून सगळ्या स्टेप्स कमरेच्या वरच्या आणि हाताच्या. 'हुक स्टेप' अशी पाहिजे की आत्यालासुद्धा लग्नात जमली पाहिजे. माझ्या आत्याला जमली, पुरावा इन्स्टावर आहे.

३. सगळं काही चकचकीत नाही. रॅपर नेझीनं २०१४ मध्ये 'आफत' केलं ते आयपॅडवर. कुर्ल्याचा पोरगा, स्टुडिओ नाही, कंपनी नाही. मग २०१५ मध्ये डिव्हाइनबरोबर 'मेरे गली में', तेही गल्लीतच. तुमची पदरवाली बाई, रानभाजी काका, तिथे सापडेल. आमच्याकडे तिला कापत नाहीत.

---

रानभाजी | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

वा पोरी.

तुझ्या पहिल्या मुद्द्याला माझी जोड. संजू राठोड जळगावकडचा. ९५ साली मिरज मुंबईकडे बघत बसली होती, काय येतंय पेटीतून म्हणून. आता जळगावच्या पोराच्या गाण्यावर मुंबईचे सिनेमावाले रील करतात. त्याला ना बीटा टेप हातात घेऊन लोकलनं जावं लागलं, ना कुठल्या चॅनेलच्या दारात उभं राहावं लागलं. चॅनेल व्ही तर २०१८ लाच बंद पडलं.

गाण्याबद्दल माझं मत वेगळं आहे, ते सांगत नाही. मुलीच्या लग्नात मीही नाचलोय.

---

बीटाकॅम | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

'कमरेच्या वरच्या स्टेप्स' हे सोन्यासारखं निरीक्षण आहे. आमच्या वेळी टीव्ही चौकोनी, त्यामुळे नायिका मधे आणि मैत्रिणी दोन्ही बाजूंना. मैत्रिणी गेल्या त्या चौकटीमुळे, हे मला आजवर सुचलं नव्हतं.

---

जुनाट_रेडिओ | मंगळवार, रात्री ८:४५

अठरावं_वरीस, काका-काकूंत मला धरू नकोस, मी आजोबा. तरी एक विचारतो. 'मिले सूर' मी वर्षानुवर्षं बघितलं, कारण दूरदर्शन लावायचं तेव्हाच दिसायचं, आणि अख्खी चाळ एकदम बघायची. तुझं गाणं तू एकटी बघतेस ना, फोनवर? मग तीस वर्षांनी 'आपली विशी' म्हणून असा धागा निघेल का?

---

अठरावं_वरीस | मंगळवार, रात्री ९:१२

आजोबा, वर रानभाजी काका मुलीच्या लग्नात नाचल्याचं कबूल करून गेलेत. आत्या आहेच. निघेल.

---

मधली_सुट्टी | शुक्रवार, रात्री १०:३०

कॅसेट आली!

बुरशीमुळे सुरुवातीची काही मिनिटं नुसती करड्या मुंग्यांची. मग चित्र धरलं. दादानं गाणी चॅनेलवरून थेट नव्हे, आमच्या केबलवाल्याच्या स्वतःच्या व्हिडिओ चॅनेलवरून घेतलेली. तो दुपारी गाणी लावायचा आणि खाली जाहिरातींची पट्टी सोडायचा. ही पट्टी मी साफ विसरले होते. गाण्यांकडे बघितलंच नाही, वही घेऊन पट्टी उतरवत बसले.

'कॉम्प्युटर शिका! डॉस, वर्डस्टार, लोटस. मुलींसाठी स्वतंत्र बॅच.' 'सतार, तंबोरा दुरुस्ती खात्रीशीर' (मिरज म्हटल्यावर हे असणारच). 'कॉट बेसिसवर जागा, शाकाहारी विद्यार्थ्यास प्राधान्य.' 'एक शिलाई मशीन विकणे आहे, कारण: मुलीचे लग्न.' 'मागील महिन्याचे पैसे न भरणाऱ्यांची केबल सोमवारी कापण्यात येईल, मग तक्रार चालणार नाही.' आणि प्रत्येकाच्या शेवटी फोन नंबर, पाच आकडी. त्यातला एक शेजारच्या काकूंचा, म्हणजे आमचाच. शिलाई मशीन आमचं होतं. आईचं. मुलीचं लग्न म्हणजे माझ्या मोठ्या ताईचं. मशीन कधी गेलं, का गेलं, मला आठवतच नव्हतं. आईला फोन केला तर म्हणाली, 'उषा मशीन होतं, चांगलं चालायचं.' एवढंच.

रानभाजी, तुमची पदरवाली बाई मला पट्टीत सापडली.

आता मुख्य बातमी. सगळ्यात शेवटी 'मेड इन इंडिया' आहे. राजकन्या सिंहासनावर, इच्छुक येतायत, जातायत. पेटी आली. आणि नेमकं तिथे चित्र एकदा हललं, पांढरी रेघ वरून खाली गेली आणि समोर सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे. 'सुरभि'. रेणुका हसून नमस्कार म्हणतेय.

म्हणजे मी पुसलेलं हेच.

---

कोकणकडा | शुक्रवार, रात्री १०:४१

दादाला धाग्याची लिंक देऊ नकोस.

---

मधली_सुट्टी | शुक्रवार, रात्री १०:४४

कॅसेटचं बिल त्यानंच भरलंय.